पस्तीस इंची टायरला कोणता अ‍ॅक्सल गिअर? एका ग्लॅडिएटरचा पूर्ण हिशोब

डेनव्हरहून पश्चिमेला निघालं की आय-७० महामार्ग जॉर्जटाउनपासून खऱ्या अर्थाने चढू लागतो. मग सिल्व्हर प्लूम, आणि त्याच्या पुढे आयझेनहॉवर बोगदा, समुद्रसपाटीपासून ११,००० फुटांच्या वर. माझ्या जीप ग्लॅडिएटर स्पोर्ट पिकअपला ३५ इंची टायर घालून मी पहिल्यांदा त्या चढाला लागलो, तेव्हा गाडी पाचव्या गिअरमध्ये टिकेना आणि चौथ्यात गेली की इंजिन ओरडायला लागे. पाचवा, चौथा, पुन्हा पाचवा. भारतातून आलेली आई मागे बसली होती. ती म्हणाली, "अरे, ही सारखी अशी दचकतेय का? आपली एसटीसुद्धा कसारा घाटात एकदा गिअर टाकला की सरळ चढते."

आईने दुखणं बरोबर ओळखलं होतं. टायर मोठे झाले होते, पण अ‍ॅक्सलमधले गिअर जुन्याच टायरच्या मापाचे होते. त्यानंतर मी ते बदलले, एकदा फसलो आणि दुरुस्तही करून घेतलं. त्यात शिकलेलं सगळं इथे क्रमाने लिहितो. आकडे माझ्या गाडीचे आहेत: ३.६ लिटरचं व्ही-६ पेट्रोल इंजिन, २८५ अश्वशक्ती, आठ गिअरचा ऑटोमॅटिक बॉक्स, कंपनीचा अ‍ॅक्सल रेशो ३.७३ आणि मूळ टायर २४५/७५ आर १७. तुमची गाडी वेगळी असली तर तुमचे आकडे घाला, रीत तीच राहते.

टायर मोठा झाला की नेमकं काय होतं

इंजिनची ताकद गिअरबॉक्समधून प्रोपेलर शाफ्टला आणि शाफ्टमधून अ‍ॅक्सलमधल्या डिफरन्शिअलला मिळते. तिथे एक लहान पिनियन मोठ्या क्राउन व्हीलला फिरवतो. ३.७३ म्हणजे शाफ्टचे ३.७३ फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो. हा आकडा मोठा तितका गिअर हलका, म्हणजे ओढ जास्त आणि वेग कमी. सायकलवर चढ आला की आपण हलक्या गिअरवर जातो, त्यातलाच हा प्रकार.

मोठा टायर एका फेऱ्यात जास्त अंतर कापतो. इंजिनच्या दृष्टीने पाहिलं तर तुम्ही सगळे गिअर एकाच वेळी जड करून टाकले. पहिला गिअर आता पहिल्यासारखा उचलत नाही आणि शेवटचा तर सपाटीवरही ओढवत नाही. त्यात टायरचं स्वतःचं वजन वाढतं. शिवाय ते वाढलेलं वजन चाकाच्या बाहेरच्या कडेला असतं, म्हणजे फिरवायला आणि थांबवायला सर्वात जड अशा जागी. वर स्टीलचा बंपर, विंच (अडकलेली गाडी दोरीने ओढून काढणारी मोटार) आणि छपरावरचा तंबू आला की काय होत असेल याचा अंदाज करा.

आधी गाडीत कोणता रेशो आहे ते पक्कं करा

विकणाऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नका, विशेषतः जुनी गाडी असेल तर. आधीच्या मालकाने गिअर बदललेले असू शकतात. व्हीआयएन नंबरवरून (गाडीच्या ओळख क्रमांकावरून) कंपनीची मूळ यादी मिळते, पण ती गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवसाची असते. डिफरन्शिअलच्या झाकणाच्या बोल्टखाली पत्र्याची छोटी पट्टी असते, तीवर रेशो किंवा दातांची संख्या ठोकलेली असते. ती पट्टीही कुणी काढून फेकलेली असू शकते.

म्हणून हाताने मोजा. गाडी सपाट जागी लावा, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, मागचं एकच चाक जॅकने उचलून स्टँडवर घ्या, गिअर न्यूट्रलला आणा आणि हँडब्रेक सोडा. शाफ्टवर आणि टायरवर खडूने खूण करा. आता उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्ट किती फेरे फिरला ते मोजा. तोच तुमचा रेशो. पावणेचारला जरासा कमी भरला तर ३.७३, चारच्या किंचित पुढे गेला तर ४.१०. दोन फेरे अशासाठी, की साध्या डिफरन्शिअलमध्ये एक चाक जमिनीला धरलेलं असताना दुसरं चाक क्राउन व्हीलच्या दुप्पट फिरतं. दोन चाकांना पूर्ण किंवा अंशतः एकत्र बांधणारा लॉकर किंवा लिमिटेड स्लिप असेल तर दोन्ही चाकं उचला आणि एकच फेरा फिरवा.

मग टायर खरा किती आहे ते

टायरवर लिहिलेले ३५ इंच हे नावाचे ३५. हवा भरून, गाडीचं वजन पडून तो फिरू लागला की साधारण तीन टक्क्यांनी लहान वागतो. मोजायची सोपी पद्धत अशी: टायरच्या तळाला आणि जमिनीवर खडूने खूण करा, गाडी एक पूर्ण फेरा पुढे ढकला, पुन्हा खूण करा आणि दोन खुणांमधलं अंतर टेपने मोजा. त्याला ३.१४ ने भागलं की कामाचा व्यास मिळतो.

माझ्या ३५ इंची टायरचा फेरा ३० पीएसआय हवेवर १०७ इंच भरला, म्हणजे व्यास ३४ इंचांच्या किंचित वर. मूळ टायरचा फेरा ९६ इंच होता, म्हणजे व्यास साडेतीस. कागदावर तो ३१.५ आहे: २४५ मिलिमीटर रुंदीच्या ७५ टक्के १८३.७५, त्याची दुप्पट ३६७.५, त्यात १७ इंची रिमचे ४३१.८, मिळून ७९९.३ मिलिमीटर.

दोन्ही टायर सारख्याच प्रमाणात दबतात, त्यामुळे तुलनेसाठी कागदावरचे आकडे चालतात. मात्र एक कागदाचा आणि एक टेपचा असं मिसळू नका. मूळचा कागदावरचा ३१.५ आणि नवा टेपने मोजलेला ३४ घेतला तर टायर नुसता आठ टक्क्यांनी वाढलेला दिसतो. प्रत्यक्षात तो अकरा टक्क्यांनी वाढला आहे.

मूळ चालीवर आणणारा रेशो

नवा व्यास भागिले जुना व्यास, गुणिले जुना रेशो. माझ्या बाबतीत ३५ भागिले ३१.५ म्हणजे १.११, आणि त्याला ३.७३ ने गुणलं की ४.१४. बाजारात सर्वात जवळचा ४.१० मिळतो. गाडी कारखान्यातून आली तशी वागावी एवढीच इच्छा असेल तर उत्तर हेच.

पण हा हिशोब फक्त व्यास ओळखतो. टायरचं वाढलेलं वजन, उंचावलेल्या गाडीला अडवणारा वारा आणि तुम्ही लादलेलं सामान त्याला दिसत नाही. म्हणून माझा सल्ला असा, की हा आकडा किमान समजा आणि त्याच्या वरच्या दोन पायऱ्या तपासा. सहसा मिळणारे रेशो ३.७३, ४.१०, ४.५६, ४.८८, ५.१३ आणि ५.३८. टायरचा व्यास एका बाजूला आणि सुचवलेला रेशो दुसऱ्या बाजूला असे रंगीत तक्ते सगळीकडे फिरत असतात. त्यांत गिअरबॉक्सचा रकाना नसतो, आणि माझ्या मते खरा निर्णय तिथेच होतो.

गिअरबॉक्स पाहिल्याशिवाय रेशो ठरवू नका

माझ्या आठ गिअरच्या बॉक्सचे आकडे असे: ४.७१, ३.१४, २.१०, १.६७, १.२९, १.००, ०.८४, ०.६७. पहिला गिअर गुणिले अ‍ॅक्सल, म्हणजे ४.७१ गुणिले ३.७३, साडेसतरा. आता २००७ ते २०११ मधली जुनी जीप रँग्लर घ्या. तिच्या चार गिअरच्या ऑटोमॅटिकचा पहिला गिअर २.८४. अ‍ॅक्सल तोच ३.७३ असला तरी गुणाकार होतो जेमतेम १०.६. इंजिनही २०२ अश्वशक्तीचं. त्या गाडीवर ३५ इंची टायर घालून ३.७३ ठेवणं म्हणजे प्रत्येक सिग्नलला तिला ढकलत न्यायचं. तिला ५.१३ शोभतो. तक्ता या दोन्ही गाड्यांना एकच उत्तर देतो.

सहा गिअरचा मॅन्युअल बॉक्स असलेल्या ग्लॅडिएटरचा पहिला गिअर ५.१३ आणि सहावा ०.७२ आहे. तिथे सुटण्याची अडचण कमी असते. सहाव्यात हायवेवर इंजिन किती फिरतं, एवढं आधी बघा.

हायवेवरचा आरपीएम

आरपीएम म्हणजे इंजिनचे मिनिटाला होणारे फेरे. सूत्र सोपं आहे: ताशी मैल गुणिले अ‍ॅक्सल रेशो गुणिले गिअरचा रेशो गुणिले ३३६, भागिले टायरचा व्यास इंचांत. एका मैलाचे ६३,३६० इंच, त्यांना ६० ने आणि ३.१४ ने भागलं की ३३६ येतात. वेग किलोमीटरमध्ये घ्यायचा असेल तर ३३६ ऐवजी २०९ घ्या.

आठव्या गिअरमध्ये ताशी ६५ मैलांना माझे आकडे असे आले:

मूळ टायर, ३.७३: १,७३०
३५ इंची, ३.७३: १,५६०
३५ इंची, ४.१०: १,७१५
३५ इंची, ४.५६: १,९०५
३५ इंची, ४.८८: २,०४०
३५ इंची, ५.१३: २,१४५

टायर नावापेक्षा लहान वागत असल्याने प्रत्यक्षात काटा याच्या तीनेक टक्के वर दिसतो.

या इंजिनचा पूर्ण टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ४,४०० आरपीएमला मिळतो. १,५६० ला त्याच्याकडून जड गाडी ओढून घ्यायची म्हटलं तर ते ओढत नाही. बॉक्स लगेच सातव्यात उतरतो आणि समोरून वारा असेल तर सहाव्यात. आठवा गिअर गाडीत नुसता शोभेला उरतो. ४.८८ ला ताशी ७५ मैलांवर काटा सुमारे २,३५० वर येतो. व्ही-६ पेट्रोलला हे मुळीच जास्त नाही. डिझेल गाडी असेल तर मात्र इतकं वर जाऊ नका. डिझेलचा टॉर्क खालीच मिळतो, तिथे मूळ चालीवर आणणारा रेशो किंवा त्याच्या वरची एकच पायरी पुरते.

घाटातला चढ, आणि एक गैरसमज

उंचीवर हवा विरळ होते. टर्बो नसलेल्या इंजिनची ताकद दर हजार फुटांना साधारण तीन टक्क्यांनी घटते, असा ठोकताळा आहे. डेनव्हर ५,२८० फुटांवर, म्हणजे घरातून निघतानाच सोळा टक्के गेले. बोगद्यापाशी पोचेपर्यंत तिसरा हिस्सा गेलेला असतो आणि २८५ ची गाडी दोनशेची होते.

आता जे सांगतो ते मला आधी कुणी सांगायला हवं होतं. ३.७३ वरून ४.८८ वर जाणं म्हणजे ओढ १.३१ पट होते. माझ्या बॉक्समध्ये चौथा आणि पाचवा यांच्यातला फरक आहे १.२९ पट. म्हणजे नवे गिअर घातल्याने मला जवळजवळ बरोबर एक गिअर मिळाला. ताशी ६० मैलांना जुन्या अ‍ॅक्सलवर चौथ्यात इंजिन ३,५९० वर फिरायचं, नव्यावर पाचव्यात ते ३,६२५ वर फिरतं. इंजिन तेच, हवा तीच, आरपीएमही तोच. त्यामुळे पूर्ण पाय दाबून बोगद्यापर्यंत जायला लागणारा वेळ फारसा बदललेला नाही.

मग एवढा खर्च कशासाठी? तर सपाटीवर आठवा गिअर कामाला येतो, गाडी सुटताना टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि बॉक्स यांना तेलातून जोडणारा भाग) कमी घसरतो आणि म्हणून बॉक्सचं तेल कमी तापतं, मंद चढांवर गिअर वारंवार बदलत नाहीत आणि दगडांत गाडी हातात राहते. ही कारणं मला पुरेशी वाटली. पण केवळ "घाटात पिकअप वाढेल" म्हणून कुणी आठ गिअरच्या गाडीवर पैसे खर्च करत असेल, तर त्याने हा गुणाकार आधी स्वतः करून पाहावा. चार किंवा पाच गिअरच्या गाडीत चित्र वेगळं असतं. तिथे दोन गिअरमधली दरी मोठी असते आणि त्या दरीत गाडी अडकते. रेशो बदलून ती दरी सोयीच्या वेगावर सरकवता येते.

उताराचंही बघा. आपल्याकडे घाटात सांगतात, ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. अ‍ॅक्सलचा रेशो मोठा असला की प्रत्येक गिअरमध्ये इंजिन गाडीला जास्त धरून ठेवतं आणि ब्रेक वाचतात. ३५ इंची टायरवर ब्रेकला आधीच जास्त कष्ट पडतात.

दगडांतली चाल

पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलला ताकद वाटून देणाऱ्या बॉक्सला ट्रान्सफर केस म्हणतात, आणि त्यातला जास्तीचा हलका गिअर म्हणजे लो. पहिला गिअर, ट्रान्सफर केसचा लो आणि अ‍ॅक्सल यांचा गुणाकार म्हणजे क्रॉल रेशो. स्पोर्टच्या ट्रान्सफर केसचा लो २.७२ आहे. ४.७१ गुणिले २.७२ गुणिले ३.७३ म्हणजे ४७.८, आणि ४.८८ घातल्यावर ६२.५. ३५ इंची टायरवर फोर-लोच्या पहिल्या गिअरमध्ये, १,००० आरपीएमला ताशी साडेतीन किलोमीटरची चाल २.७ वर आली. कोलोराडोतल्या ऊरे गावापासून इमोजिन पास खिंडीच्या १३,११४ फुटांकडे चढणाऱ्या वाटेवर एका बाजूला दरी आणि चाकाखाली सुटा दगड असतो. तिथे हा फरक पायाला लगेच कळतो. एक चाक दगडावर चढवून ते पलीकडे हळूच टेकवायचं असतं. जड गिअरवर गाडी पुढे जाऊन धप्पकन आदळते, कारण थांबायला ब्रेक आणि चढायला अ‍ॅक्सिलरेटर असे दोन्ही पाय झगडत असतात.

ग्लॅडिएटरच्या रुबिकॉन या खडतर वाटांसाठीच्या प्रकारात लो ४.० आणि अ‍ॅक्सल ४.१० असतो, म्हणजे क्रॉल रेशो ७७. तिचे मूळ टायरही पावणेतेहतीस इंची आहेत. रुबिकॉन ग्लॅडिएटरवर ३५ घालणाऱ्यांना माझं सांगणं असं, की आधी सहा महिने तशीच चालवा. बहुतेकांना गिअर बदलावेसे वाटणार नाहीत.

दात मोजा

क्राउन-पिनियनचा जोड हातात घेऊन पाहिल्याशिवाय ही गोष्ट पटत नाही. ३.७३ मध्ये सहसा पिनियनला ११ दात आणि क्राउनला ४१. ४.१० मध्ये १० आणि ४१, ४.५६ मध्ये ९ आणि ४१, ४.८८ मध्ये ८ आणि ३९, ५.१३ मध्ये ८ आणि ४१. रेशो वाढतो तसा पिनियनचा गड्डा लहान होत जातो आणि एका वेळी कमी दात भार उचलतात. दुकानात मी जुना ३.७३ चा आणि नवा ४.८८ चा पिनियन शेजारी ठेवून पाहिला. जुना मुठीत मावत नव्हता, नवा मावत होता.

ग्लॅडिएटरला पुढे-मागे दोन्हीकडे डेना ४४ हा दणकट अ‍ॅक्सल असल्याने ४.८८ ची काळजी नाही. पण पुढे त्याहून लहान डेना ३० असलेल्या गाडीत मोठे टायर, ५.१३ आणि लॉकर हे तिन्ही एकत्र करून दगडांत जोर लावणं मी टाळेन. तिथे आधी अ‍ॅक्सल बदलण्याचा विचार करावा, नाहीतर टायर ३३ वर ठेवावेत.

ऑर्डर देण्याआधी एक गोष्ट तपासा. क्राउन व्हील ज्यावर बसतं तो कॅरियर सगळ्या रेशोंना चालत नाही. जुन्या डेना ४४ मध्ये ३.७३ पर्यंत एक कॅरियर आणि ३.९२ पासून वर दुसरा. ही मर्यादा ओलांडलीत तर कॅरियर वेगळा घ्यावा लागतो किंवा जाड क्राउन व्हील मागवावं लागतं. लॉकर घालायचा मनात असेल तर तो याच वेळी घाला. डिफरन्शिअल उघडण्याची मजुरी दोनदा का द्यायची?

मी काय निवडलं

४.८८. कारणं माझी आहेत: घर एक मैल उंचीवर, उन्हाळ्यात कोलोराडोच्या सॅन वान डोंगरांत दर महिन्याला एक फेरी, आणि गाडीवर तंबू व विंच कायमचे. हीच गाडी मी टेक्सासच्या किंवा इलिनॉयच्या सपाटीवर, समुद्रसपाटीच्या जवळ चालवत असतो आणि रोज ऐंशी मैल हायवेने कामावर जात असतो, तर ४.५६ घेतला असता आणि समाधानी राहिलो असतो. ३७ इंची टायरकडे जाण्याची इच्छा मनात असेल तर आत्ताच ५.१३ घ्या. दोन रेशोंमध्ये अडकलात तर वरचा निवडा. रेशो कमी पडला म्हणून पुन्हा डिफरन्शिअल उघडणारे मी बरेच पाहिले, जास्त झाला म्हणून उघडणारा एकही भेटला नाही.

पुढचा आणि मागचा रेशो एकच हवा. एका अ‍ॅक्सलचं काम झालं आणि दुसऱ्याचं राहिलं असेल तर फोर-व्हीलला हातसुद्धा लावू नका. पुढची चाकं एका गतीने आणि मागची दुसऱ्या गतीने फिरू पाहतात आणि ट्रान्सफर केस मोडते.

भारतातल्या थार किंवा गुरखा वाल्यांसाठी: वरची सूत्रं तुमच्या गाडीलाही लागू आहेत, पण टायर निवडतानाच हात आखडता घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलांपासून दूर जाणारा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावलं. अपघातानंतर विम्याचा प्रश्न तिथेच अडतो.

काम करून घेताना

मी विचारलं त्या दुकानांनी दोन्ही अ‍ॅक्सलचे सामान आणि मजुरी मिळून दोन ते तीन हजार डॉलर सांगितले. टायर घेण्याआधीच ही रक्कम बाजूला काढा. बेअरिंग, सील, शिम (अंतर जुळवणाऱ्या पातळ चकत्या) आणि बोल्टांचा पूर्ण संच नवा हवा. जुन्या बेअरिंगवर नवा क्राउन-पिनियन बसवून देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघा.

हे काम घरच्या गॅरेजमध्ये पहिल्यांदा शिकण्याचं नाही. बोल्ट खोलता येणारा कुणीही सुटे भाग आत बसवू शकतो, कसब आहे ते हजाराव्या इंचातल्या अंतरांत. पिनियन किती आत बसवायचा ते शिमने ठरतं. पिनियनच्या बेअरिंगवरचा दाब क्रश स्लीव्हने (आवळल्यावर चेपणाऱ्या नळीने) किंवा शिमने ठरतो. क्राउन आणि पिनियनच्या दातांमधली मोकळीक डायल गेजने मोजतात. डेना ४४ मध्ये ती साधारण सहा ते दहा थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ठेवतात आणि क्राउनभोवती तीन-चार ठिकाणी मोजतात. शेवटी दातांना पिवळी पेस्ट लावून क्राउन फिरवतात. पिनियन जिथे घासतो तिथली पेस्ट सरकते आणि तिथे एक लंबगोल ठसा उमटतो. ठसा दाताच्या मुळाकडे सरकलेला असेल तर पिनियन जास्त आत गेला आहे. टोकाकडे असेल तर कमी आत आहे. मधोमध हवा.

मी फसलो तो इथे. पहिल्या दुकानाने दोन दिवसांत गाडी दिली. ताशी ४५ ते ५० मैलांवर पाय उचलला की मागून बारीक रडका सूर यायचा, पाय दिला की थांबायचा. "नवे दात आहेत, बसले की जाईल," असं सांगण्यात आलं. तो गेला नाही. दुसऱ्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे गेलो. त्याने झाकण उघडून पेस्ट लावली, क्राउन फिरवला आणि काही न बोलता बॅटरीचा झोत दातांवर धरला. ठसा मुळाशी चिकटलेला होता आणि मोकळीक एका जागी चौदा थाउ भरली. पिनियनचा शिम बदलून त्याने सगळं पुन्हा बसवलं. नशिबाने दात खराब झाले नव्हते.

म्हणून गाडी टाकतानाच सांगा, की दोन्ही अ‍ॅक्सलच्या ठशांचे फोटो, दाताच्या दोन्ही बाजूंचे, आणि मोकळिकीचे आकडे बिलासोबत हवेत. चांगल्या कारागिराला याचा राग येत नाही, तो फोटो आधीच काढून ठेवतो.

गाडी घरी आल्यावर

नव्या गाड्यांत वेग चाकांवरच्या एबीएस सेन्सरवरून मोजला जातो आणि बॉक्सचा संगणक त्यावरून गिअर ठरवतो. टायरचा घेर आणि अ‍ॅक्सलचा रेशो दोन्ही त्याला सांगावे लागतात. ग्लॅडिएटरमध्ये हे काम प्रोग्रॅमर नावाच्या छोट्या उपकरणाने होतं, मात्र सुरक्षा गेटवे (बाहेरून संगणकात बदल करू न देणारी अडवणूक) ओलांडणारी जोडणी सोबत लागते. नवा रेशो सांगितला नाही तर गिअर चुकीच्या वेळी पडतात आणि डॅशबोर्डवर इशाऱ्याचे दिवे लागतात. टायरचं माप सांगितलं नाही तर काटा ६० दाखवतो तेव्हा तुम्ही जवळजवळ ६७ ने जात असता. पोलिसांना ही सबब चालत नाही. मायलेजचाही हिशोब बिघडतो. शंभर मैल गेलात तरी ओडोमीटर नव्वदच मोजतो, आणि मोठ्या टायरने गाडी फार पिते अशी समजूत होते.

पहिल्या दिवशी १५-२० मैल हलक्या पायाने चालवा आणि मग गाडी पूर्ण थंड होऊ द्या. हात लावून बघा, डिफरन्शिअल कोमट उरता कामा नये. असं दोन-तीनदा करा. नव्या दातांचा पृष्ठभाग घासून एकमेकांत बसताना खूप उष्णता निघते, आणि तेल एकदा जळलं की दात निळे पडतात. पहिले ५०० मैल ट्रेलर ओढू नका, एकाच वेगाने तासन्‌तास पळवू नका.

५०० मैल झाले की दोन्ही डिफरन्शिअलचं तेल काढा. झाकणातल्या किंवा ड्रेन प्लगच्या लोहचुंबकावर करडा, लोण्यासारखा लेप जमलेला दिसेल. तो दोन बोटांत घासा. मऊ लागला तर सगळं ठीक आहे, चुंबक पुसून नवं तेल भरा. बोटांना टोचलं, कण किंवा कपचे लागले, तर ते कागदात गुंडाळून ठेवा आणि गाडी त्याच दिवशी दुकानात न्या.